निगडी
निगडी : (निर्गुडी, सं. निर्गुंडी, सिंदुवार, हिं. सम्हालू, क. लक्की, लॅ. व्हायटेक्स नेगुंडो, कुल–लॅमिएसी). कोल्हापूर परिसरात ओढ्याकाठी व बांधांवर वाढणारे हे झुडूप सांधेदुखी व सूज यांवर फार पूर्वीपासून वापरात आहे. पाने गरम करून दुखऱ्या भागावर बांधतात. तिच्या देशी नावाचा प्रवास मोठा लक्षणीय आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात ती ‘नेगुंडो’ म्हणून येते. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तेच नाव शास्त्रीय नामकरणात घेतले व पानांच्या साम्यामुळे उत्तर अमेरिकेतील एका मॅपल वृक्षासही दिले. त्या वृक्षाचा या औषधीशी नात्याने काहीच संबंध नाही. पानांच्या अर्काचे वेदनाशामक व शोथहारक गुण प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहेत. रुग्णांवरील पुरावा मात्र तोकडा आहे.