माहिती सुरक्षेतील पदवीपूर्व प्रमाणपत्र

चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष पुरे करून थांबणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाकडून मिळणारे प्रमाणपत्र. कॉलेजात त्याला ‘यूजी सर्टिफिकेट’ म्हणतात. त्याला वेगळा प्रवेश नसतो. प्रवेश पदवीला घ्यायचा आणि वर्षअखेरीस हे घेऊन निघायचे. काही महिन्यांच्या खासगी सायबर कोर्सशी किंवा सी-डॅकच्या ‘डिटिस’ पदविकेशी त्याची गल्लत करू नये. डिटिसला आधी पदवी लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पदवीतून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची मुभा आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये तिचा आराखडा दिला, महाराष्ट्राने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने तो राज्यापुरता बसवला. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून तो लागू आहे. नवी मुंबईतली बहुतेक कॉलेजे याच विद्यापीठाची, म्हणून महापे, घणसोली, कोपरखैरणे इथल्या मुलांचा हिशेब याच नियमांनी होतो.

हिशेब असा. दोन सत्रांत मिळून ४० ते ४४ श्रेयांक, आणि बाहेर पडायचे असेल तर वरचे ४ श्रेयांक कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तास वर्गातले शिक्षण किंवा ३० तास प्रात्यक्षिक. इंटर्नशिपचे ४ श्रेयांक १२० तासांचे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात या प्रमाणपत्राची पातळी ४.५ आहे. श्रेयांक विद्यार्थ्याच्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्यात जमा व्हावे लागतात. खाते उघडलेच नाही आणि गुणपत्रिकेवर खात्याचा क्रमांक चढला नाही, तर शिकलेले कुठेच जमा दिसत नाही.

पहिल्या वर्षाचे सगळे श्रेयांक मुख्य विषयाचे नसतात. भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, खुला ऐच्छिक विषय यांचेही पेपर असतात. हॅकिंग शिकायच्या हौसेने आलेल्या मुलाला त्यांचा कंटाळा येतो. पण त्यातला एक राहिला तरी प्रमाणपत्र अडते.

प्रमाणपत्रावर शाखेचे नाव मुख्य विषयाप्रमाणे येते. बीएस्सी आयटीतून निघालेल्याच्या कागदावर माहिती तंत्रज्ञान येणार, माहिती सुरक्षा नव्हे. सायबर हा शब्द नावातच असलेली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘सायबर अँड डिजिटल सायन्स’ ही वेगळी बीएस्सी आहे. मुंबईच्या बीएस्सी आयटीत आधीच्या रचनेत ‘सिक्युरिटी इन कम्प्युटिंग’ हा विषय सहाव्या सत्रात होता. पहिल्या वर्षानंतर निघणाऱ्याने त्याचे पुस्तकही उघडलेले नसते. पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंग, ऑपरेटिंग सिस्टिम, गणित असा पाया घातला जातो. बीएस्सी आयटीच्या प्रवेशाला परंपरेने बारावीचे गणित लागते. बीसीएला मात्र २०२४ पासून राज्याची सीईटी द्यावी लागते.

तेव्हा ‘सुरक्षा’ हा शब्द खरा करायचा तर वरच्या चार श्रेयांकांतच. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी स्तरासाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात सायबर गुन्हे व कायदा, समाजमाध्यमे, डिजिटल पेमेंट, उपकरणांची सुरक्षा असे भाग आहेत. तो नागरिकाला शहाणा करतो, नोकरी देत नाही. नोकरीच्या दृष्टीने उपयोगी पडतात ते इंटर्नशिपचे १२० तास.

आणि त्यासाठी महापेइतकी सोयीची जागा राज्यात विरळाच. ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या टीटीसी औद्योगिक वसाहतीतला हा भाग. मिलेनियम बिझनेस पार्क इथे, कंट्रोलएस आणि एनटीटी यांची डेटा सेंटर इथे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेले महाराष्ट्र सायबरचे मुख्यालयही इथेच. डेटा सेंटरच्या दारात दोन दरवाजांमधली छोटी खोली असते; मागचे दार लागल्याशिवाय पुढचे उघडत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला त्या आतल्या दारापर्यंत सहसा कोणी नेत नाही. त्याच्या वाट्याला येतात हेल्पडेस्क, नोकरी सोडून गेलेल्यांची चालू राहिलेली खाती शोधणे, आणि लॉग, म्हणजे यंत्रांनी टिपलेल्या नोंदी.

लॉग वाचणे कंटाळवाणे, पण खरे कसब तेच. रात्री २ वाजून १४ मिनिटांनी एकाच आयपी पत्त्यावरून ‘अॅडमिन’ नावाने चाळीस वेळा चुकीचा पासवर्ड पडला आणि एक्केचाळिसाव्या ओळीत ‘यशस्वी’ दिसले, तर ती एकच ओळ सांगायची असते. दोन यंत्रांची घड्याळे पाच मिनिटांनी मागेपुढे असतील तर कोण आधी आत शिरले ते कळत नाही. म्हणूनच सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत यंत्रांची वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे, लॉग १८० दिवस राखणे आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवणे सक्तीचे आहे. घटना किती मोठी होऊ शकते ते जवळच दिसले आहे: २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम पसरला तेव्हा न्हावाशेव्यातल्या मर्स्क या जहाज वाहतूक समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. तो चोरलेल्या पासवर्डांनी आणि विंडोजचे अपडेट न टाकल्याने राहिलेल्या भगदाडांतून पसरत होता. दोन्ही पहिल्या वर्षाच्या आवाक्यातले विषय.

एक अट अभ्यासक्रमात बारीक अक्षरात येते, ती मोठ्याने सांगायला हवी: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कवर सराव करायचा नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मधली कृत्ये लबाडीने केली तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कॉलेजच्या वायफायवर ‘नुसते बघितले’ हा बचाव चालेलच असे नाही. सरावाला स्वतःच्या लॅपटॉपवर आभासी यंत्रे उभी करावीत.

प्रमाणपत्र घेऊन निघालेल्याला तीन वर्षांच्या आत त्याच पदवीत परतता येते. जमा श्रेयांक धरले जातात आणि प्रवेशापासून सात वर्षांच्या आत पदवी पुरी करावी लागते.