आजचे विशेष

परवा नातीने एका नव्या हॉटेलात जेवायला नेले. दाराशी काळा फळा, त्यावर रंगीत खडूने लिहिलेले ‘आजचे विशेष’. मी पडलो मास्तर, आधी अक्षर पाहिले. बरे होते. मग साठ वर्षांपूर्वीचा एक फळा आठवला.

मंडळी, हॉटेलांची छापील दरपत्रके कुणाच्या तरी कपाटात सापडतात. रोजच्या पदार्थांचा फळा मात्र रात्री पुसला जातो. साधी माणसे काय जेवली, याचा इतिहास असा बराचसा पुसलेलाच आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, रोज वेगळे घर. खानावळीत घर एकच राहिले, वार भाज्यांना लागले. गिरणगावातल्या कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घालणाऱ्या बायकांचे संघटन व्हायलाही १९७५ साल उजाडले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.

१९६५ साली मी नववीत होतो. शेजारच्या काकू खानावळ चालवीत. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून शाळेत जाताना फळा मी लिहायचा. त्याबद्दल रविवारी माझे पान वाढले जाई. त्या वर्षी धान्याची टंचाई, त्यात पाकिस्तानशी युद्ध. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारी संध्याकाळी हॉटेले बंद राहू लागली. मीही ठळक अक्षरांत लिहिले, ‘आज रात्री खानावळ बंद’. खाली दुहेरी रेघ. फार अभिमान वाटला होता.

त्याच दिवशी दिवेलागणीला एक हमाल आला, नेहमीचा मेंबर. त्याला वाचता येत नव्हते. मी वाचून दाखवले. तो म्हणाला, “माझं रात्रीचंच एक जेवण असतं रं, बाळ.”

काकूंनी आतून ऐकले. मागच्या दाराशी बसवून त्याला पिठलं-भाकरी वाढली. मला म्हणाल्या, “हे फळ्यावर लिहू नकोस हो.”

शास्त्रीजींचे आवाहन मनापासून होते. आमच्याही घरी सोमवारी रात्री चूल पेटत नसे. पण जेवण सोडायला आधी ते असावे लागते, हे मला त्या दाराशी कळले.

पुढे वर्गात १९६५ शिकवताना युद्ध, ताश्कंद, सगळे फळ्यावर लिहिले. ते पिठलं कधी लिहिले नाही. आता काकूही नाहीत आणि तो हमालही नसेल. म्हणून इथे लिहून ठेवतो.