ज्येष्ठमधाची गोडी आणि पिवळेपणा

घसा खवखवू लागला की घरातली वडीलधारी माणसं ज्येष्ठमधाची कांडी हातावर ठेवतात. ती चघळायची आणि रस गिळायचा. पण ती तोंडात टाकण्यापूर्वी मोडून कधी पाहिलीत का? साल तपकिरी आणि गाभा मात्र पिवळा! या मुळाच्या गोडीमागे माणूस दोन हजारांहून अधिक वर्षे धावला. पिवळेपणाकडे त्याचं लक्ष फार उशिरा गेलं. ते कसं गेलं, तेच आज सांगायचं आहे.

ज्येष्ठमध हे हरभऱ्या-वाटाण्याच्या कुळातलं झाड. भूमध्य समुद्रापासून मध्य आशियापर्यंतच्या मुलखात ते वाढतं. थिओफ्रास्टस या प्राचीन ग्रीक पंडिताने अझोव्ह समुद्राजवळच्या सिथियन लोकांच्या या मुळाची नोंद करून ठेवली आहे. दम्याला आणि कोरड्या खोकल्याला ते उपयोगी, शिवाय तहान भागवणारं, असं तो सांगतो. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘गोड मूळ’. आपलं संस्कृत नाव ‘यष्टिमधु’, म्हणजे गोड काठी. मुलूख दूरदूरचे, पण जिभेची साक्ष एकच! चरकसंहितेने त्याला घशाला हितकर अशा ‘कंठ्य’ गणात घातलं, आणि कांती सुधारणाऱ्या ‘वर्ण्य’ गणातही.

आता एकदम १९४६ सालात येऊ. नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी जठरातील व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. रोग्यांना आराम पडला; पण काहींच्या अंगावर सूज आली. पुढे त्याचं कारण उमगलं. ग्लिसिरायझिन हे या मुळातलं द्रव्य साखरेच्या सुमारे ५० पट गोड. ते फार झालं तर शरीरात मीठ आणि पाणी साठून राहतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. जिला इतकी शतकं नावाजलं, ती गोडीच आरोपी ठरली!

मग संशोधकांनी गोडी काढून टाकलेला अर्क तयार केला. व्रणावरच्या चाचण्यांत त्याचा कुठे गुण दिसला, कुठे दिसला नाही. पण गोडी गेल्यावर मागे उरतं काय, हा प्रश्न पुढे आला. उरलेल्यांत महत्त्वाची ठरली फ्लेव्होनॉइड या वर्गातील द्रव्ये. हे नावच मुळी ‘पिवळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेलं. लिक्विरिटिन, आयसोलिक्विरिटिजेनिन ही त्यांपैकी काही. १९७६ साली जपानी रसायनशास्त्रज्ञांनी ग्लॅब्रिडिन वेगळं केलं. त्वचेला काळसर रंग देणारं द्रव्य तयार होण्याच्या क्रियेला ते आवर घालतं, असं प्रयोगशाळेत दिसून आलं.

इथे ‘वर्ण्य’ हा शब्द आठवतो, नाही का? पण म्हणून चरकाला ग्लॅब्रिडिन ठाऊक होतं, असं म्हणू नये. जुन्यांनी गुण पाहिला आणि नोंदवला. नव्यांनी त्याचं कारण शोधायला घेतलं. दोघांचा मान आपापल्या जागी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक कांडी वर्गात मोडून दाखवा. आधी रंग पाहू द्या, मग चव. एकाच मुळात अनेक द्रव्ये असतात आणि प्रत्येकाचं काम निराळं, हे मुलांना पुस्तकाशिवाय कळेल. आणि घरच्यांना एवढं जरूर सांगा: खोकल्यापुरती एखादी कांडी ठीक, पण रोजची सवय लावू नका. रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ज्येष्ठमध घेऊच नये. गोड आहे म्हणून ते निरुपद्रवी आहे, असं नव्हे.