मूत्रसंवर्धन
लघवीतील जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी; रूढ नाव युरिन कल्चर. पोषक माध्यमाच्या बशीवर लघवी पसरून ती सुमारे ३७° से. तापमानात २४ ते ४८ तास ठेवतात. दर मिलिलिटरला १ लाख वसाहती हा संसर्गाचा निकष एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात मांडला. लक्षणे असल्यास कमी संख्याही महत्त्वाची ठरते. बहुधा ई. कोलाय हा जंतू सापडतो. अनेक जातींचे जंतू एकत्र उगवले, तर नमुनाच दूषित असण्याची शक्यता अधिक. तेव्हा पहिली धार सोडून मधली लघवी पुन्हा तपासावी. अहवालात एखाद्या प्रतिजैविकापुढे ‘आर’ असेल, तर सापडलेल्या जंतूवर ते औषध निष्प्रभ. जळजळ, ताप नसताना केवळ जंतू दिसले म्हणून प्रतिजैविके घेणे बहुतेकांना अनावश्यक, किंबहुना घातकच. गर्भवतींना मात्र उपचार द्यावेच लागतात.