जुने संगणक आणि लिनक्सचे अध्ययन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळत असली तरी ती शिकण्यासाठी लागणारे यंत्र विनामूल्य कधीच नव्हते. किंबहुना या इतिहासाचा आरंभच उधारीपासून होतो. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक हप्त्यांवर घेतला. त्याची मेमरी अवघी ४ मेगाबाइट होती. त्याच यंत्रावर त्या वर्षी लिनक्सचा गाभा आकारास आला.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. परंतु टेलिफोन तारेवरून संपूर्ण प्रणाली उतरवून घेणे अशक्यप्राय होते. 'पीसी क्वेस्ट' मासिकाने १९९६ पासून लिनक्सच्या सीडी वाचकांपर्यंत पोहोचविल्या. त्यामुळे जुना संगणक पारखताना सीडी ड्राइव्हची अट आपोआप आली. मोडेमची अडचण याहून बिकट होती. संगणकात बसविलेले अनेक स्वस्त मोडेम आपले काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर सोपवीत. लिनक्समध्ये ते निरुपयोगी ठरत. जाणकार म्हणूनच सिरियल पोर्टला जोडायचा बाह्य मोडेम पसंत करीत. स्वस्त यंत्र महाग पडण्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. सन २००० मध्ये क्लाउस क्नॉपर यांची 'क्नॉपिक्स' ही थेट सीडीवरून चालणारी प्रणाली आल्यावर मात्र हार्ड डिस्कला हात न लावता, विकत घेण्यापूर्वीच यंत्राची परीक्षा करणे शक्य झाले. ग्राहकाच्या हाती आलेले हे खरे साधन होय.

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम प्रामुख्याने विंडोजवर आधारित होता. लिनक्स शिकणे ही साहजिकच हौशी विद्यार्थ्याची स्वखर्चाची बाब राहिली. ब्रह्मपुरी परिसरात तर भारनियमनाचाही विचार करावा लागे. ज्या जिल्ह्यात महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे, तेथील ग्रामीण विद्यार्थ्याने विजेची वाट पाहावी, ही विसंगती नोंदविण्याजोगी आहे. अशा स्थितीत जुन्या पेंटियम ४ पेक्षा बॅटरी शाबूत असलेला लॅपटॉप अधिक उपयुक्त ठरे. पण तशी बॅटरी जुन्या लॅपटॉपमध्ये विरळाच.

रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाडा येथील शाळेत २००७ मध्ये 'एक मूल, एक लॅपटॉप' प्रकल्पाची लिनक्सवर चालणारी यंत्रे आली. १०० डॉलरचा संकल्प प्रत्यक्षात १८८ डॉलरवर गेला होता.

जुन्या यंत्रांना लिनक्स कायम सामावून घेते, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. ज्या ३८६ वर ते जन्मले, त्याचा आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकण्यात आला. डेबियनने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट संगणकांसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर देणे थांबविले. यास्तव ६४ बिट प्रोसेसर ही आज पहिली अट ठरते. त्यानंतर मेमरी, आणि मग प्रोसेसरचा वेग. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, परंतु लिनक्ससाठी पुरेसे सक्षम असे अनेक संगणक त्यामुळे कालबाह्य ठरले. महाविद्यालयांच्या निर्लेखन समित्यांपुढे अशी यंत्रे येतील, तेव्हा ती भंगारात काढण्यापूर्वी एकदा पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहण्यास फार तर अर्धा तास लागेल.