मिकोनिया

दक्षिण पॅसिफिक महासागरातील ताहिती बेटाचे रान व्यापून टाकणारा अमेरिकी वृक्ष. शास्त्रीय नाव मिकोनिया कॅल्व्हेसन्स, कुल मेलॅस्टोमेटेसी. महाबळेश्वर-माथेरानची अंजनी याच कुलातली. मूळ स्थान मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतची वर्षावने. तिथे तो इतर झाडांत मिसळून राहतो.

उंची सुमारे 15 मीटरपर्यंत. पान मीटरभर लांब होऊ शकते. वरून ते मखमली, गर्द हिरवे असते आणि त्यावर तीन फिकट शिरा ठळक दिसतात. उलटे केले की गडद जांभळे. या देखण्या पानासाठीच हॅरिसन स्मिथ या अमेरिकी गृहस्थांनी 1937 मध्ये ताहितीत पापेआरी येथील आपल्या बागेत तो लावला. पुढची सुमारे 50 वर्षे त्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ फॉसबर्ग यांनी 1971 मध्येच धोक्याची सूचना दिली होती. 1982-83 च्या चक्रीवादळांनी जंगल मोडले, उघड्या जागी ऊन आले आणि मिकोनिया झपाट्याने पसरला. आज बेटाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग त्याच्याखाली आहे. त्या गडद सावलीत स्थानिक झाडांची रोपे तग धरत नाहीत. मुळे उथळ असल्याने उतारावरची माती धरून ठेवली जात नाही. तेथील लोक त्याला ‘हिरवा कर्करोग’ म्हणतात.

त्याला स्वपरागण चालते, म्हणून एकच झाड नवे बेट व्यापायला पुरते. जांभळ्या, बारीक फळांतल्या बिया धुळीसारख्या असतात. त्या बुटांच्या चिखलातून, कुंडीतल्या मातीतून आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून पसरतात. पक्ष्यांपैकी एक आपल्याकडचा लालबुड्या बुलबुल. तोही ताहितीत माणसानेच नेलेला.

शेजारच्या रायातेआ बेटावर मिकोनिया उशिरा पोहोचला, आणि तिथला लढा अधिक शिकवणारा आहे. 1992 पासून शाळकरी मुले, स्वयंसेवक आणि सैनिक डोंगरात शिरून लाखो रोपे उपटत आले. रोप हाताने निघते, मोठे झाड तोडून खुंटाला तणनाशक लावतात. उपटलेले रोप ओल्या जमिनीवर टाकले तर पुन्हा मूळ धरते, म्हणून ते फांदीवर अडकवून वाळवावे लागते. खरी अडचण जमिनीतल्या बियांची आहे. त्या 15 वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतात, आणि नवे रोप चार-पाच वर्षांत फळाला येते. म्हणजे साफ केलेल्या प्रत्येक दरीत फळ धरण्याआधी परत जावे लागते, आणि हे दशकानुदशके. मोहिमेचे यश उपटलेल्या रोपांच्या आकड्यावरून मोजणे फसवे आहे. फळ देणारी किती झाडे उरली, हाच खरा हिशेब.

ताहितीत मात्र निर्मूलनाची वेळ टळून गेली आहे. तिथे 2000 मध्ये मिकोनियावरच वाढणारी कोलेटोट्रायकम बुरशी सोडण्यात आली. तिने कोवळी रोपे मरतात, मोठ्या झाडांची पाने भोके पडून विरळ होतात आणि जमिनीवर थोडे ऊन पोहोचते. काही ठिकाणी स्थानिक रोपे पुन्हा उगवली आहेत. बुरशीने झाडे नाहीशी होत नाहीत, पण जंगलाला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि हे मोलाचे आहे.

हवाई बेटांतही हा वृक्ष शोभेसाठीच आला, आणि श्रीलंकेच्या दमट डोंगरांतही तो रानात शिरला आहे. सह्याद्रीचे पावसाळी रान त्याला मानवेल असेच आहे. पानाच्या मोहाने त्याचे रोप किंवा बी कोणीही मागवू नये.