किशोर खेळाडूंमधील मेंदूचा हादरा व झोप

डोक्याला वा अंगाला जोराचा धक्का बसून मेंदूचे कार्य तात्पुरते बिघडणे म्हणजे मेंदूचा हादरा किंवा कन्कशन. बेशुद्धी येतेच असे नाही; बाउन्सर हेल्मेटवर आदळूनही मुलगा खेळत राहतो, डोकेदुखी, चक्कर व गोंधळ नंतर जाणवतात. सुरुवातीला झोप वाढते, पुढे अनेकांची मोडते आणि लक्षणे रेंगाळतात. अशा मुलाला झोपू देऊ नये, ही समजूत मोठी चिवट. डॉक्टरांनी तपासून धोका नसल्याचे सांगितल्यास खुशाल झोपू द्यावे. खेळातील कन्कशनवरील २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेतील तज्ज्ञांनी पहिले २४ ते ४८ तास हलक्या हालचालींसह विश्रांती आणि मोबाइल-टीव्हीला आवर सुचवला. अंधाऱ्या खोलीत सक्तीने पडून राहणे नव्हे. किशोरांना एरवीही ८ ते १० तास झोप आवश्यक असते. वारंवार उलट्या, झटके किंवा हलवूनही जाग न येणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.